'तो बघ, आला आपला दारुड्या!' : थॉमस मिचेल आणि नाव न आठवणारे नट

रातकिडा
नव्वदच्या दशकात केबलवर रात्री कार्टून नेटवर्क संपलं की त्याच चॅनेलवर टीएनटी सुरू व्हायचं आणि जुने इंग्रजी सिनेमे लागायचे. आम्हा पोरांची झोपायची वेळ व्हायची आणि बाबांचा खरा दिवस तेव्हा उजाडायचा. इंग्रजी संवाद त्यांना निम्मेशिम्मे कळत, नटांची नावं तर अजिबात लक्षात राहत नसत, पण चेहरे पक्के. एक गोल चेहऱ्याचा, विस्कटलेल्या केसांचा, मिश्कील डोळ्यांचा माणूस पडद्यावर आला की बाबा खूश. "तो बघ, आला आपला दारुड्या!" मग हिरो कोण, हिरॉईन कोण, याच्याशी त्यांना देणंघेणं नसे.

परवा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' पाहत होतो आणि एकदम ओळख पटली. थॉमस मिचेल! जन्म १८९२, मृत्यू १९६२. मग कुतूहल म्हणून यादी चाळली आणि एका वर्षावर अडकलो. १९३९ या एकाच वर्षात 'स्टेजकोच'मधला डॉक्टर, 'ओन्ली एंजल्स हॅव विंग्ज'मधला वैमानिक, 'मिस्टर स्मिथ गोज टू वॉशिंग्टन'मधला वार्ताहर, 'गॉन विथ द विंड'मधला नायिका स्कार्लेटचा बाप आणि 'हंचबॅक ऑफ नोत्र दाम'मधला भिकाऱ्यांचा राजा. त्या वर्षी ऑस्करच्या सर्वोत्कृष्ट चित्रपटासाठी दहा नामांकनं होती, त्यांपैकी तिनात हा आहे! 'स्टेजकोच'साठी त्याला सहायक अभिनेत्याचं ऑस्करही मिळालं.

आणि तरीही मला नाव शोधावं लागलं. एवढं काम करून लोकांना चेहरा माहीत, नाव नाही, हे नटाचं यश म्हणायचं की अपयश? जाणकारांनी बोलावं.

डुलकी
रुमाल टाकून ठेवतोय. सवडीने लिहितो.

आंबट चुका
डुलकीराव, तुमचे असे रुमाल जमवले असते तर एव्हाना गोधडी झाली असती.

विषय छान आहे. आमच्याकडे आजी अशा नटांना 'तो मेला दुसरा' म्हणायची. पहिला म्हणजे हिरो.

पिटातला प्रेक्षक
जरा वाईटपणा घेतो. हा नट मला फार चढवून ठेवलेला वाटतो. बाबांनी 'दारुड्या' म्हटलं त्यातच सगळं आलं. १९३७च्या 'हरिकेन'मध्ये दारुडा डॉक्टर, त्यावर ऑस्करचं नामांकन. दोन वर्षांनी त्याच जॉन फोर्डच्या 'स्टेजकोच'मध्ये पुन्हा दारुडा डॉक्टर, त्यावर ऑस्कर. 'मिस्टर स्मिथ'मध्ये पिणारा वार्ताहर. 'वंडरफुल लाइफ'मध्ये पिणारा काका. एकच नाणं किती वेळा वटवायचं? दिग्दर्शकांना काम करून घ्यायची घाई, की बोलवा मिचेलला, बाटली त्याच्याकडे असतेच.

सुपारी_कातर
पिटातले, शिट्टी वाजवायला आलात की काय :)

तिसरी घंटा
पिटातले, तुमची यादी बरोबर आहे, निष्कर्ष चुकला. चाळीस वर्षं हौशी रंगभूमीवर काढलीत, त्यात किमान सहा वेळा दारुड्या केलाय. तेव्हा या एका विषयात तरी माझा अधिकार मान्य व्हावा.

दारुड्या करणं सर्वांत सोपं आणि म्हणूनच सर्वांत फसवं. नवखा नट झोकांड्या खातो, जीभ जड करतो, टाळ्या घेतो आणि पात्र मरतं. आता 'स्टेजकोच'मधला डॉक बून बघा. गाडीत शेजारी दारूच्या नमुन्यांची पेटी घेऊन बसलेला भित्रा विक्रेता (डोनाल्ड मीक, आणखी एक नाव न आठवणारा!). बून त्याच्या गळ्यात हात टाकून, त्याची शाल सारखी करत, त्याला थंडी वाजू नये म्हणून जपत हळूच एकेक बाटली रिकामी करतो. हा माणूस दारूवर नाही, बाटलीच्या मालकावर प्रेम करतोय असं वाटावं! मग वाटेतल्या ठाण्यावर एका बाईला कळा सुरू होतात आणि अख्ख्या वाळवंटात डॉक्टर हा एकच, तोही तर्र. कॉफी मागवतो. काळी. अजून. अजून. चेहऱ्यावर लाज आहे, भीती आहे, आणि त्याखाली कुठेतरी जुना डॉक्टर जागा होताना दिसतो. झोकांडी एकही नाही. शुद्धीवर येण्याचा अभिनय दारू चढण्यापेक्षा दसपट अवघड असतो हो.

शेवटी शहरात एक गुंड बंदूक घेऊन निघतो, तेव्हा हाच बून उठून म्हणतो की ती शॉटगन इथे ठेव, नाहीतर खुनाच्या आरोपात अडकवीन. गुंड जातो. पुढच्या क्षणी बूनला धाप लागते आणि मला पुन्हा असलं काही करू देऊ नका, असं तो बारवाल्याला सांगतो. शौर्य आणि घाबरगुंडी, एका घोटात.

आणि 'ओन्ली एंजल्स'मध्ये तर बाटलीचा आधारही नाही. अधू होत चाललेली दृष्टी लपवणारा म्हातारा वैमानिक. मान मोडलेल्या अवस्थेत पडलेला असताना मित्राला, म्हणजे कॅरी ग्रँटला, सांगतो की आता तू जा. पहिल्यांदा एकटा विमान चालवलं तेव्हा कुणी बघू नये असं वाटत होतं, तसंच आत्ता वाटतंय. तो प्रसंग पाहा आणि मग नाण्याचं बोला.

गच्चीवरून
घंटाकाका, __/\__ शेवटच्या परिच्छेदाला काटा आला.

खडूस मास्तर
मूळ मुद्द्याला हात घालण्याआधी एक भाषिक तक्रार. अजून कोणी 'चरित्र अभिनेता' हा शब्द वापरला नाही याबद्दल सर्वांचे आभार, पण वापरणार हे नक्की, म्हणून आधीच सांगतो. तो हिंदीतून आलेला आहे. मराठीत चरित्र म्हणजे जीवनचरित्र. चरित्र अभिनेता म्हटलं की टिळक, गाडगेबाबा वगैरे करणारा माणूस डोळ्यांसमोर येतो.

आंबट चुका
मास्तर, मग मराठीत काय म्हणायचं तेही सांगून टाका.

खडूस मास्तर
तिथेच तर गाडं अडलंय. 'सहकलाकार' फार सपक. 'दुय्यम नट' अपमानास्पद. जुने नाटकवाले 'गुणी नट' म्हणत, पण त्यात 'दिसायला यथातथा' हा छुपा अर्थ असे.

सुपारी_कातर
'पडेल ते काम करणारा'. विषय संपला.

गच्चीवरून
मला मिचेल आठवतो तो 'मेक वे फॉर टुमॉरो'मुळे. १९३७, दिग्दर्शक लिओ मॅककॅरी. म्हाताऱ्या आईवडिलांचं घर बँकेकडे जातं, मुलं दोघांना वाटून घेतात, आई एका मुलाकडे, वडील दुसऱ्या गावी मुलीकडे. हो, आपल्या राजा परांजपे यांच्या 'ऊन पाऊस'ची (१९५४) आठवण येईल असंच कथानक. त्यात मिचेल थोरला मुलगा आहे. वाईट नाही, चांगलाच मुलगा, आणि तरी आईला वृद्धाश्रमात पाठवणारा. शेवटी आईच त्याला सोपं करून देते. मीच तिकडे जायचं म्हणतेय, असं तीच आधी बोलते, त्याला बोलावं लागू नये म्हणून. त्या वेळी मिचेलच्या चेहऱ्यावर सुटका आणि शरम दोन्ही दिसतात. इथे दारू नाही, विनोद नाही, विस्कटलेले केस नाहीत. साधा, नीटनेटका, मध्यमवर्गीय, आपल्यासारखा माणूस. म्हणून जास्त टोचतो. मी हा सिनेमा आईसोबत बघायला बसले होते. मध्येच 'चहा टाकते' म्हणून उठले, कारण तिच्याकडे बघवेना.

मजेचा भाग असा की आईचं काम करणारी ब्यूला बाँडी मिचेलपेक्षा जेमतेम तीन-चार वर्षांनी मोठी. पन्नाशीसुद्धा गाठली नव्हती आणि सत्तरीची आई केलीय. जेम्स स्टुअर्टची आई तर तिने 'मिस्टर स्मिथ'मध्येही केली आणि 'वंडरफुल लाइफ'मध्येही.

आंबट चुका
यात काय विशेष! आपल्या सुलोचनादीदी 'जॉनी मेरा नाम'मध्ये देव आनंदची आई होत्या. देव आनंद १९२३चा, दीदी १९२८च्या. आई मुलापेक्षा पाच वर्षांनी लहान. हॉलिवूडने अजून शिकायचंय.

डुलकी
हहपुवा (हसून हसून पुरेवाट). एवढ्यासाठी जागा झालो.

जर्सीकर
अरे, हा तर आमच्या गावचा निघाला! मिचेलचा जन्म न्यू जर्सीतल्या एलिझाबेथचा. भारतातून येणाऱ्या आपल्या मंडळींना नाव माहीत नसेल, पण नेवार्क विमानतळाचा एक भाग एलिझाबेथच्या हद्दीत येतो. म्हणजे लोणच्याची बरणी फुटली नाही ना, हे बॅग उघडून बघत तुम्ही उभे असता, ते याच्या जन्मगावाच्या वेशीवर. मी पंधरा वर्षं त्या बाजूने लोकलने जातोय, मला पत्ता नव्हता.

आईवडील आयरिश, आयर्लंडहून आलेले. वडील वर्तमानपत्रातले, भाऊ वार्ताहर, हाही सुरुवातीला वार्ताहरच. त्यामुळे 'मिस्टर स्मिथ'मधला प्रेस गॅलरीतला डिझ मूर त्याने कुठून आणला हे वेगळं सांगायला नको. पुतण्या जेम्स मिचेल आयसेनहॉवरच्या मंत्रिमंडळात कामगार मंत्री होता.

आणि स्कार्लेटचा बाप जेराल्ड ओ'हारा म्हणजे आयर्लंडहून येऊन जमीन धरलेला माणूस. सुरुवातीलाच मुलीला सांगतो की जगात टिकणारी गोष्ट एकच, जमीन. ते वाक्य आमच्या राजापूरच्या आजोबांच्या तोंडी घातलं तर एक शब्द बदलावा लागणार नाही. फक्त कापसाच्या जागी कलमं. (ती जमीन कोणाच्या पाठीवर कसली जात होती, याबद्दल सिनेमा गप्प बसतो, ते वेगळं.)

पिटातला प्रेक्षक
जर्सीकर, कंसातलं बाहेर काढा. ते महत्त्वाचं आहे.

गच्चीवरून
पिटातल्यांशी पहिल्यांदाच सहमत. मिचेलला ऑस्कर मिळालं त्याच रात्री, २९ फेब्रुवारी १९४०, हॅटी मॅकडॅनियलला 'गॉन विथ द विंड'मधल्या मॅमीसाठी सहायक अभिनेत्रीचं ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणारी पहिली कृष्णवर्णीय व्यक्ती. समारंभ लॉस एंजेलिसच्या अँबॅसडर हॉटेलात होता. तिथे कृष्णवर्णीयांना प्रवेश नव्हता, निर्मात्याला खास परवानगी काढावी लागली. आणि तिला बसवलं कुठे? चित्रपटाच्या चमूबरोबर नाही, भिंतीलगतच्या वेगळ्या छोट्या टेबलावर. सिनेमात ज्या बाईने ओ'हारांचं घर सांभाळलं, तिला त्याच लोकांच्या पंगतीला बसता आलं नाही. रातकिड्यांचा प्रश्न 'नाव कोणाला माहीत नाही' हा आहे. त्याच वर्गवारीतल्या या बाईला बसायच्या जागेपासून भांडण होतं.

सुपारी_कातर
आणि दोघांना मूर्ती मिळालीच नाही! सहायक भूमिकांचे पुरस्कार १९३६च्या चित्रपटांपासून सुरू झाले, पण पहिली काही वर्षं त्यांना पूर्ण पुतळा नव्हता, छोटी प्रतिमा बसवलेली एक पाटी मिळायची. अख्खी सोनेरी बाहुली १९४३च्या कामांपासून. म्हणजे पंक्तिभेद पुरस्कारातही. हॅटीची पाटी हॉवर्ड विद्यापीठाकडे होती, ती पुढे गहाळ झाली. अकादमीने २०२३मध्ये तिची प्रतिकृती विद्यापीठाला दिली.

आता मूळ प्रश्नाकडे, कारण माझा धंदा हिशेबाचा आहे. एका वर्षात पाच मोठे सिनेमे कसे जमतात? तेव्हाचा एकेक मोठा स्टुडिओ वर्षाला चाळीस-पन्नास सिनेमे काढायचा. हिरोला चेहरा, मेकअप, प्रेमप्रसंग, प्रसिद्धी यात महिनेच्या महिने जायचे. मिचेलसारख्याचं काम ठरावीक दिवसांत उरकायचं की लगेच पुढच्या फाटकातून आत. त्याचे १९३९चे पाच सिनेमे बघा: दोन कोलंबिया स्टुडिओचे, एक आरकेओ स्टुडिओचा, एक निर्माता वाँगरचा, एक निर्माता सेल्झनिकचा. चार वेगवेगळ्या दुकानांत एकाच वर्षी उठबस. हिरो एका घरचा जावई, हा सगळ्या गावचा आचारी. लग्न कुणाचंही असो, याच्याशिवाय पंगत उठत नाही.

आंबट चुका
आचाऱ्याचं नाव तरी कोणी विचारतं का, तीच बोंब.

तिसरी घंटा
सुपारी, उपमा झकास. त्यात भर घालतो. हा सिनेमात आला तोच मुळी चव्वेचाळिशीत. १९२३चा एक मूकपट सोडला तर खरी सुरुवात १९३६. त्याआधीची वीसेक वर्षं रंगभूमी. चार्ल्स कोबर्नच्या शेक्सपिअर मंडळीत होता, ब्रॉडवेवर नट, दिग्दर्शक, लेखक सगळं केलं. फ्लॉइड डेलबरोबर लिहिलेलं 'लिट्ल अ‍ॅक्सिडेंट' १९२८मध्ये आलं, त्यात मुख्य भूमिकाही स्वतःच केली. त्या नाटकावर तीन सिनेमे निघाले, त्यातला एक १९३९चाच! म्हणजे रातकिड्यांच्या यादीत सहावा धरा, अर्ध्या मार्कांचा.

पुढे 'डेथ ऑफ अ सेल्समन' नाटकाच्या दौऱ्यात नायक विली लोमन केला. १९५३मध्ये रंगभूमीचं टोनी मिळालं, तेही संगीत नाटकासाठी, आणि त्याच वर्षी टीव्हीचं एमी. ऑस्कर, टोनी, एमी तिन्ही मिळवणारा पहिला पुरुष नट हा. 'दुय्यम' म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.

खडूस मास्तर
मी 'अपमानास्पद' असं लिहिलं होतं. नीट वाचा.

कडूनिंब
उशिरा आलो. कोणी 'वंडरफुल लाइफ'मधल्या खारीबद्दल बोललं नाही? अंकल बिली (मिचेल) बँकेत भरायचे आठ हजार डॉलर हरवतो. हरवतो म्हणजे गावच्या खवट सावकाराला, पॉटरला, डिवचायच्या नादात पैशांचं पाकीट त्याच्याच पेपरात गुंडाळून त्याच्या मांडीवर देतो. बोटांना दोरे बांधून फिरणारा विसराळू माणूस. पुतण्या (जेम्स स्टुअर्ट) येऊन त्याला गदागदा हलवतो, नाही नाही ते बोलतो, निघून जातो. बिली टेबलावर डोकं टेकून रडायला लागतो, आणि एक पाळीव खार येऊन त्याच्या हातावर चढते. एका बाजूला आयुष्य उद्ध्वस्त होतंय, दुसरीकडे खार. या म्हाताऱ्याकडे एक डोमकावळाही आहे. प्राणी पाळणारा माणूस आहे, म्हणजे एकटा आहे, हे न सांगता कळतं.

आणि पार्टीतून झिंगून निघतो तो प्रसंग. तो चौकटीबाहेर गेल्यावर धडाड्‌ आवाज येतो आणि त्याची आरोळी, मी ठीक आहे म्हणून. सेटवर कोणाच्या तरी हातून सामान पडलं आणि मिचेलने जागच्या जागी ते स्वतःच्या पडण्यात खपवलं, असा किस्सा सांगतात. जेम्स स्टुअर्टच्या चेहऱ्यावरचं हसू पाहा, खरं वाटतं.

पिटातला प्रेक्षक
बरं, रविवारी गृहपाठ केला. 'ओन्ली एंजल्स' पाहिला. काका, तुमचा वैमानिक मान्य. तोंडातली सिगरेट आणि शेवटचं 'तू जा' दोन्ही मान्य.

पण माझं मत बदलायला कारण झाला 'हाय नून' (१९५२). त्यात मिचेल गावचा महापौर. गावचा मार्शल गॅरी कूपर गुंडांशी लढायला माणसं मागायला चर्चमध्ये येतो, तेव्हा सगळे भांडतात आणि मग हा उठतो. कूपरची अशी तोंडभरून स्तुती करतो की वाटतं, चला, आता निम्मं चर्च बंदुका घेऊन निघणार. आवाजही तोच, डॉक बूनचा, अंकल बिलीचा, विश्वास ठेवावा असा. आणि त्याच सुरात, पट्टी न बदलता, सांगतो की उत्तरेकडचे लोक आपल्या गावात पैसे गुंतवणार आहेत, रस्त्यावर रक्त सांडलं तर ते बिथरतील, तेव्हा तू निघून गेलेलं बरं. मी आमच्या सोसायटीच्या सभेत हे भाषण जसंच्या तसं ऐकलंय. आधी हार, मग नारळ.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्याने आधी इतक्या वेळा गोड दारुड्या केला होता म्हणूनच हा महापौर लागू पडतो. नवा नट असता तर आपण पहिल्या वाक्यालाच सावध झालो असतो. तेव्हा 'एकच नाणं' हे शब्द मागे घेतो. 'हरिकेन'बद्दलचे नाही.

तिसरी घंटा
पिटातल्यांनी शब्द मागे घेतले! या धाग्याला तोरण बांधा. 'हरिकेन' तुम्हाला बक्षीस.

कडूनिंब
अवांतर : कोलंबो बघणारे आहेत का इथे? गबाळ्या कोटातला डिटेक्टिव्ह, पीटर फॉक. फॉकच्या आधी कोलंबो रंगमंचावर आला होता, १९६२मध्ये, 'प्रिस्क्रिप्शन : मर्डर' या नाटकात, आणि तो केला होता मिचेलने. तीच त्याची शेवटची भूमिका ठरली. त्या डिसेंबरात तो कॅन्सरने गेला. फॉकने टीव्हीवर तो पहिल्यांदा केला १९६८मध्ये. गंमत म्हणजे मिचेलचा शेवटचा सिनेमा 'पॉकेटफुल ऑफ मिरॅकल्स' (१९६१), आणि त्यात फॉक आहे! जुना कोलंबो आणि होणारा कोलंबो एकाच सिनेमात, दोघांनाही पत्ता नाही.

'हंचबॅक'चा नायक चार्ल्स लॉटन १५ डिसेंबरला गेला, मिचेल १७ला. दोन दिवसांचं अंतर.

गच्चीवरून
अरे बापरे. हे माहीत नव्हतं.

रातकिडा
धागा इतका चालेल असं वाटलं नव्हतं, सगळ्यांचे आभार. काल बाबांना फोन केला. आता ऐंशीचे आहेत, कानाला कमी येतं, म्हणून व्हिडिओ कॉलवर मिचेलचा फोटो दाखवला. लगेच म्हणाले, "हा तो! स्कार्लेटच्या घोड्यावरून पडून मेला तो." घोडा स्कार्लेटचा नव्हता, पण असो. नाव सांगितलं. "मिचेल? असेल बुवा." मग गॉन विथ द विंड, दारुडा डॉक्टर, कोलंबो सगळं वाचून दाखवलं, पिटातल्यांचं सोसायटीचं भाषण ऐकून पोट धरून हसले.

आणि मग मलाच कामाला लावलं. म्हणाले, आता दुसरा शोध. जाडा, पिंपासारखा, आवाज असा की घशात खडी भरलीय. रॉबिन हूडबरोबरचा साधू.

कोणी सांगेल का?

तिसरी घंटा
युजीन पॅलेट. १९३८चा 'रॉबिन हूड', फ्रायर टक.

सुपारी_कातर
'मिस्टर स्मिथ'मध्येही आहे तो. नवा धागा काढा.

डुलकी
रुमाल.